रजा रचनाला दिली

३ फेब्रुवारी, सोमवार

यशोदाबाई गेल्या. पहाटे, घरीच. त्यांच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी डायलिसिस युनिटात सकाळची पहिली मशीन लावत होते. "कळवलंत ते बरं केलंत," म्हटलं आणि फोन ठेवला.

आणि मनात पहिला विचार काय आला? खिडकीजवळची खुर्ची मोकळी झाली! काकती गावचा तो माणूस कधीचा वेटिंगला आहे, त्याला आजच बोलवून घेता येईल.

बोलावलाही. दुपारी तो त्याच खुर्चीत बसला. डायलिसिसचं असंच असतं, खुर्ची रिकामी ठेवून चालत नाही, हे मी नव्या पोरींना स्वतःच सांगते. पण इतकी वर्षं आठवड्यातून तीनदा त्या बाईचा हात माझ्या हातात असायचा. संक्रांतीला आणलेल्या तिच्या वड्या अजून माझ्या लॉकरमध्ये आहेत.

रडू आलं नाही. येईल म्हणून बाथरूममध्ये जाऊन थांबले सुद्धा. मग तोंड धुतलं आणि परत आले.

५ फेब्रुवारी, बुधवार

आज आण्णाप्पांचा डायलिसिसचा वार. निपाणीच्या बाजूचे. कोल्हापूर जवळ पडतं, पण मोफत उपचाराचं सरकारी कार्ड इकडच्या राज्याचं, म्हणून बसचे धक्के खात इकडे येतात. बायको जयाबाई बरोबर, ती बाहेर बाकावर बसून राहते. आण्णाप्पा गवंडी होते. माझ्याहून कितीतरी मोठे, तरी मला आक्का म्हणतात. युनिटच्या भिंतीला ओल आहे, तिच्याकडे बघत चार तास काढतात. "आक्का, वरनं टाकीतनं मुरतंय बघा. गिलावा खरवडल्याबिगर न्हाय जायाची ही." दर वेळी तेच! पूर्वी मी म्हणायची, "मग घेऊन या की थापी!" आज नुसतं "हं" म्हटलं. त्यांनीही मग पुढे काही काढलं नाही.

माझ्या हाताखालची रचना नव्या नीलमला शिकवत होती — आधी पेशंटला काट्यावर उभं करायचं. वजनातून त्याचं कोरडं वजन, म्हणजे जादा पाणी नसतानाचं वजन, वजा करायचं. उरेल तेवढं पाणी अंगात साठलेलं. तेवढंच मशीनला काढायला सांगायचं, जास्त काढलं तर बीपी कोसळतं.

मी म्हटलं, "मला काटा लागत नाही. माणूस दारातून आत आला की मला आकडा दिसतो."

नीलम तोंड उघडं टाकून बघत राहिली. रचना हसली नाही. या पोरीला हल्ली काय झालंय कोण जाणे.

८ फेब्रुवारी, शनिवार

युनिटप्रमुख डॉ. सुहासांनी केबिनमध्ये बोलावलं. मॅनेजमेंटला स्टाफसाठी एक कार्यक्रम हवाय — 'बर्नआउट: ओळखा आणि टाळा'. बोलायचं मी.

"मीच का, सर?"

"तुमच्याहून योग्य कोण, विद्युल्लता सिस्टर? कधी रजा नाही, कधी तक्रार नाही. दिवाळीलाही तुम्हीच होता."

गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला बोलू! स्लाइड्स इंग्रजीत आहेत. बोलायचं कानडीत आणि मराठीत. रविवारी तयारी करेन. नाहीतरी रविवारी मला कोण सुट्टी देतंय.

९ फेब्रुवारी, रविवार

गॅसवर दूध ठेवलं आणि उभ्या उभ्या स्लाइड्स वाचत होते, एका हाताने ढवळत. आमचे नागेंद्र बाहेरून आले ते दारातूनच ओरडले, "अगं करपलं की! वास येत नाही का तुला?"

नाही आला. भांड्याच्या तोंडाशी मीच उभी होते, आणि मला नाही आला! तळ काळा झालेला. घासून घासून हात दुखले.

संध्याकाळी ऋचा गणिताची वही घेऊन आली. दहावीची परीक्षा तोंडावर आहे. मी म्हणे तिला "मुंदे!" म्हटलं. मुंदे म्हणजे कानडीत पुढचं. युनिटात दिवसभर माझ्या तोंडात हेच — हे झालं, मुंदे! ती म्हणाली, "आई, मी पेशंट नाही." वही उचलून गेली. मागून जायला हवं होतं. बसून राहिले. 

१३ फेब्रुवारी, गुरुवार

स्लाइड्समध्ये लक्षणं दिली आहेत. वाचता वाचता लख्ख कळलं — ही तर रचना!

डबा खायला आमच्यात येत नाही. ड्यूटी संपली तरी घुटमळते. मी मशीन लावून पुढे सरकले की ही मागे प्रत्येक खुर्चीजवळ जाऊन पुन्हा बघते. पुन्हा काटा, पुन्हा मशीन. सारखी तपासत राहते, स्वतःवर विश्वास म्हणून नाही. डोळे लाल. काल मी जरा आवाज चढवला तर कपाटाआड जाऊन रडली.

चोवीस-पंचवीसची पोर! काकतीहून स्कूटीवर येते, गुणी आहे. पण आतून पार करपलीय. तिला वाचवायला हवं. मी नाही तर कोण बघणार तिच्याकडे?

१५ फेब्रुवारी, शनिवार

भाषण झालं. झकास झालं! दुधाचं उदाहरण दिलं — ढवळणाऱ्याला वास येत नाही, दारातून येणाऱ्याला येतो, म्हणून एकमेकींवर लक्ष ठेवा. माझ्याच घरचं दूध होतं हे काही सांगितलं नाही. शेवटची स्लाइड 'छंद जोपासा, हिरवळीवर फिरा'. हिरवळ! पार्किंगमध्ये तीन कुंड्या आहेत, त्यातल्या दोन वाळल्यात.

मागून एकीने विचारलं, "मॅडम, पण सुट्टी देणार कोण?"

सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "मुंदे!" आणखी हसले.

रचना तेवढी हसली नाही. माझ्याकडेच बघत होती, सगळा वेळ.

१७ फेब्रुवारी, सोमवार

डॉ. सुहासांना सांगितलं, रचनाला पुढच्या सोमवारपासून आठवडाभर रजा द्या, नाहीतर तिच्या हातून काहीतरी होऊन बसेल. ते म्हणाले, "आणि युनिट कसं चालवाल?" मी म्हटलं, "मी आहे ना, सर."

त्यांनी पेन उचललं. काहीतरी म्हणणार होते असं वाटलं. मग सही केली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

रचनाला रजेचं सांगितलं. वाटलं होतं, पोर खूश होईल. तर तिचं तोंडच उतरलं.

"मला नको, मॅडम. येत्या आठवड्यात तर नकोच. शिवरात्र हाय, गर्दी असती. नीलमला काय येत न्हाय अजून."

"मला येतं ना सगळं?"

 ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, बुधवारी काटा तेवढा करा हं सगळ्यांचा."

हिने मला शिकवायचं! म्हटलं, "घरी जा. झोप काढ. आठवडाभर मला तुझं तोंड दिसता कामा नये." वर हसलेही. म्हटलं, चला, भाषण देऊन मोकळी झाले नाही, करूनही दाखवलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

लिहवत नाही. तरी लिहिते.

सकाळपासून सगळं उशिरा. कपिलेश्वर मंदिराच्या गर्दीत रिक्षा अडकल्या. पेशंट एकदम आले, घोळक्याने. आण्णाप्पा आले तेव्हा मी आधीच मागे पडलेली. ते सवयीने काट्याकडे वळले. मी म्हटलं — हे मीच म्हटलं, माझ्याच तोंडाने — "काट्यावर नको आता, सरळ खुर्चीवर बसा."

ते म्हणाले, "आक्का, आज जरा माझं—"

"हात सरळ ठेवा."

नेहमीचा आकडा टाकला. सोमवार ते बुधवार त्यांच्या अंगात किती पाणी साठतं ते मला तोंडपाठ आहे. मुंदे!

अर्धं झालं असेल. नीलम ओरडली. बघते तर आण्णाप्पांची मान कलंडलेली, अंगाला दरदरून घाम, तोंड पांढरंफटक. हाक मारली तर ओ नाही. बीपी लागेना. पाणी काढणं बंद केलं, पाय वर घेतले, सलाईन पूर्ण सोडलं. डॉ. सुहास धावत आले. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. मग पापणी हलली. ते आता आयसीयूत आहेत. जिवंत आहेत. जिवंत आहेत!

बाहेर जयाबाई बाकाशी उभी, पदर तोंडात. डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं यांनी?"

"कायबी न्हाय. निरंकार हाय त्यांचा. परवापास्नं पाण्याचा थेंब न्हाय घेतला. म्या म्हटलं व्हतं, इचारा तरी. तर म्हणालं, आक्कास्नी सांगतो की."

सांगत होते. मी सांगू दिलं नाही. अंगात पाणी साठलंच नव्हतं त्यांच्या, आणि मी मशीनला रोजचं सगळं काढायला लावलं. काट्यावर उभं केलं असतं तर दिसलंच असतं.

डॉक्टर चिडून म्हणाले, "डायलिसिसचा पेशंट आणि निर्जळी उपास? या लोकांना किती वेळा सांगायचं!" केसपेपरवर उपासाचं लिहिलं. मला म्हणाले, "तुम्ही होता म्हणून वाचले, सिस्टर."

मी तिथेच उभी होते. एक अक्षर बोलले नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

आयसीयूत जाऊन आले. आण्णाप्पा शुद्धीवर आहेत, आवाज खोल गेलेला. मला बघून हात जोडले! म्हणाले, "माझंच चुकलं, आक्का. तुमास्नी ताप दिला."

"उपास कशासाठी धरला होता?"

"देवाचं असतंय. सांगायचं नसतंय."

जयाबाई कोपऱ्यात होती. तिने तोंड फिरवलं.

मला खरं बोलायचं होतं, अगदी ओठावर आलं होतं. पण मी म्हटलं काय — "पडून राहा, बोलू नका." आणि निघाले.  लोक मला वाचवणारी म्हणतायत, आणि मी म्हणू देतेय! आजवर कधी कुणाच्या वाट्याचा दोष घेतला असेल, पण आपला दोष दुसऱ्याच्या गळ्यात कधी घातला नव्हता. आणि घातला कुणाच्या, तर जो मरता मरता वाचला त्याच्या.

नागेंद्रनी विचारलं, काय झालंय? म्हटलं, काही नाही. भूक नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

रचना रजा मोडून आली. नीलमने फोन केला असणार. साधे कपडे, स्कूटीची चावी हातातच. पहिला प्रश्न — "मॅडम, काटा केलता?"

मी उसळले. किती बोलले देवाला ठाऊक. तू कोण मला विचारणारी, कालची पोर! ती ऐकत राहिली. शेवटी रडतच म्हणाली, "मी रोज बघत हुते, मॅडम. तुमी आकडा टाकून पुढं गेला की मी मागनं काटा बघत हुते. लई वेळा चुकलेला असायचा. बदलून ठेवायची."

"कधीपासून?"

"दसऱ्यापासनं."

"मला का नाही सांगितलंस?"

"कसं सांगू? तुमीच शिकवलंय की मला सगळं. आणि तुमी ऐकूनच घेत न्हाय आता कुणाचं. पयलं असं नव्हतं."

"म्हणून डबा खायला येत नव्हतीस?"

"कवा खाणार, मॅडम?"

खाली बसले. पेशंटच्याच खुर्चीत. लाल डोळे, पुन्हा पुन्हा तपासणं, कपाटामागचं रडणं — सगळं माझ्यापायी! मी त्या पोरीचा रोग ओळखला म्हणून मिरवत होते. ती माझा रोग झाकत होती. आणि मी काय केलं, तर तिलाच रजा देऊन घरी बसवलं.

मग उठले आणि केबिनमध्ये गेले. सगळं सांगितलं. काटा केला नाही हे, त्यांना बोलू दिलं नाही हे, आणि परवा गप्प उभी राहिले हेही.

डॉ. सुहासांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्या दिवशी रचनाच्या रजेवर सही करताना तुम्हाला विचारणार होतो, तुमचं काय? नाही विचारलं. तुम्ही नाही म्हणत नाही, म्हणून सगळं तुमच्यावरच टाकत गेलो. सोयीचं होतं." कबूल करताना त्यांना जड गेलं, ते दिसत होतं. केसपेपर मागवून माझ्यासमोर दुरुस्त केला. वर कळवायला लागेल म्हणाले. म्हटलं, कळवा. त्यांनी नियम केला, आता काट्याशी दोघी उभ्या राहिल्याशिवाय मशीन चालू करायची नाही. आणि सुट्टीच्या दिवशी कुणाला फोन करून बोलवायचं नाही, ते स्वतःसुद्धा करणार नाहीत. मला उद्यापासून सक्तीची रजा. पुढे काय ते चौकशीनंतर.

बाहेर आले. हलकं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

१ मार्च, शनिवार

आण्णाप्पा आणि जयाबाईंना सांगितलं. ते सर्वात अवघड गेलं.

आण्णाप्पा छताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी देवाचा दोष न्हाय तर!" त्यांना बरंच वाटलं जणू.

जयाबाई मात्र उभी राहिली. "तुमच्यावर इसवास टाकून म्या भाईर बसती, आक्का. दार लावल्यावर मला आतलं काय दिसतंय?" आवाज चढवला नाही तिने. चढवला असता तर परवडलं असतं.

"जये, गप," आण्णाप्पा म्हणाले.

"गप का बसू? आनि तुमी बी! कुणापायी धरलासा त्यो उपास—"

"जये!"

ती थांबली. मी खाली मान घालून निघाले. तिला माझ्याशी पुन्हा बोलायचं नसेल तर तो तिचा हक्क आहे.

लॉकर रिकामा केला. यशोदाबाईंच्या वड्यांचा डबा. मुंग्या लागल्या होत्या. टाकवेना. तसाच पिशवीत घातला.

२ मार्च, रविवार

झोपले.

३ मार्च, सोमवार

पुन्हा झोपले. नागेंद्रनी पोळ्या आणल्या खानावळीतून. ऋचा दारातून डोकावून म्हणाली, "आई, मुंदे?" हसू आलं. किती दिवसांनी. मग तिच्या गणिताशी बसले. मला येत नव्हतं, पण बसले.

५ मार्च, बुधवार

बुधवार. सकाळी आपोआप जाग आली, साडीची पिन शोधायला लागले. मग आठवलं. दिवसभर भिंतीशी बसून होते. कामावर असताना वाटायचं, मी नसेन तर युनिट बंद पडेल. चालू आहे की! याचंच जास्त वाईट वाटलं, आणि असं वाटलं म्हणून शरम वाटली.

रचनाचा मेसेज — आण्णाप्पांचं डायलिसिस नीट झालं. काटा दोघींनी केला. डबा खाल्ला.

८ मार्च, शनिवार

डॉ. सुहासांनी ज्या समुपदेशक बाईंकडे पाठवलंय त्यांच्याकडे जाऊन आले. वाटलं होतं, छंद जोपासा म्हणतील! तसं नाही म्हणाल्या. विचारलं, "शेवटचं रडलात कधी?"

आठवेना. घरी येईपर्यंत रिक्षात तेच आठवत होते. आई गेली तेव्हा? त्याच्या दुसऱ्या दिवशी ड्यूटीवर गेले होते मी.

१० मार्च, सोमवार

युनिटकडे गेले. कामाला नव्हे. साध्या साडीत, बाहेरच्या बाकावर जाऊन जयाबाईंच्या शेजारी बसले, दार लावल्यावर त्यांना आतलं किती दिसत नाही ते बघायला. खरंच काही दिसत नाही.  मी उठले तेव्हा त्यांनी पदर धरून खाली बसवलं.

"त्यांनी न्हाय सांगू दिलं. म्या सांगती. घरात रोज म्हणायचं, आक्का आता हसत न्हाय, थट्टा करत न्हाय, कायतरी आजार लागलाय तिला, आनि एवढ्या दवाखान्यात कुणाच्या ध्यानात येत न्हाय. म्हणून शिवरात्र निरंकार धरली व्हती. तुमच्यापायी."

रडले. बाकावर, सगळ्यांसमोर, तोंड न झाकता. यशोदाबाईंचंही त्यातच आलं.